शुक्रवारी बाराच्या आत

धम्मदीप मेश्रामला ऑस्ट्रियातल्या एका विद्यापीठात धातुशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. विद्यापीठाचं गाव डोंगरातलं, लहानसं. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या त्यांच्या वस्तीत सगळे त्या गावाला नुसतं ‘विदेश’ म्हणत, आणि चौकातल्या फ्लेक्सवरही तेच छापलं होतं: ‘उच्च शिक्षणार्थ विदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन’. फ्लेक्सवर एकूण सतरा फोटो होते. सगळ्यात मोठा माजी नगरसेवक विश्वनाथभाऊंचा, त्याखाली विहार समितीचे पदाधिकारी, आणि ज्याचं अभिनंदन चाललं होतं तो खालच्या ओळीत खजिनदारांच्या शेजारी. धम्मदीपनं जाता-येता तो फ्लेक्स पाहिला आणि त्याला ना आनंद झाला ना राग आला. आपल्याला काही वाटायला हवं होतं, एवढं मात्र त्याला वाटलं.

त्याचं सगळं लक्ष एका ईमेलवर होतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात त्याला दोनशे चौदा नंबरची खोली मिळाली होती आणि तिची किल्ली शुक्रवारी दुपारी बाराच्या आत स्वतः येऊन घ्यायची होती. बारानंतर खोली प्रतीक्षायादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाईल, असं त्यात साध्या शब्दांत लिहिलं होतं. त्या गावात भाड्यानं खोली मिळणं कठीण, हे त्यानं आधीच शोधून ठेवलं होतं. आणि खोली नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर सरकारी नोंदणी नाही, नोंदणी नाही तर तिथं राहण्याचा परवाना नाही. म्हणून त्यानं तिकीटच असं काढलं होतं की गुरुवारी दुपारीच तो तिथं पोचावा. बुधवारी सकाळी दहा चाळीसला नागपूरहून मुंबई, रात्री मुंबईहून पुढचं विमान. हाताशी जवळजवळ एक अख्खा दिवस शिल्लक राहत होता, आणि मेश्रामांच्या घरात वेळ शिल्लक ठेवण्याची पद्धत नव्हती.

त्याचे वडील रुपराव मौद्याच्या वीज केंद्रात एका कंत्राटदाराकडे वेल्डर होते. बावीस वर्षं रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. घरी आले की हातपाय धुऊन विहारात. समितीत त्यांना पद काही नव्हतं, पण कार्यक्रम त्यांच्यावाचून होत नसे. खुर्च्या तेच मांडत, माइकची वायर तेच ओढत, कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या तेच झटकत. वस्तीतल्या कुणाचा मुलगा इंजिनिअर झाला, कुणाची मुलगी फौजदार झाली, तर सत्काराच्या फोटोत रुपराव कधीच दिसत नसत, कारण त्या वेळी ते मागे जनरेटरजवळ असत. अशा माणसाच्या मुलाचा सत्कार होणार होता. विश्वनाथभाऊंनी तारीख दिली ती नेमकी बुधवारची, सकाळी साडेसातची.

“आदल्या दिवशी ठेवा ना बाबा,” धम्मदीप म्हणाला होता.

“भाऊले मंगळवारी टाइम नाही. आन साडेसातले म्हणजे आठ धर. नऊले तू मोकळा. एअरपोर्ट इथंच त हाय, वीस मिनटाचा रस्ता.”

“एक घंटा पहिले काउंटर बंद होते.”

“मले मालूम हाय गा,” रुपराव म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं. नागपूरच्या जुन्या माणसांना विमानतळ म्हणजे मोठं बसस्टँड वाटतं. गाडी दिसत असेल तर ती सुटली नाही, असा त्यांचा हिशेब असतो. धम्मदीपनं वाद घातला नाही. वाद न घालण्याची त्याला सवय होती आणि आपला हा स्वभाव शहाणपणाचा आहे अशी त्याची समजूत होती.

बुधवारी सव्वासातलाच मंडप भरला. बुद्धवंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं. धम्मदीपला लाल मखमलीच्या खुर्चीवर बसवलं. बाजूची सगळ्यात उंच खुर्ची रिकामी होती. आठ वाजले, साडेआठ झाले. सूत्रसंचालक पाहुणे रस्त्यात असल्याचं दर दहा मिनिटांनी सांगत होता आणि मधल्या वेळात कुणालाही उठवून भाषण करायला लावत होता. पाहुण्यांशिवाय सत्कार सुरू करायचा, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आणि ज्याचा सत्कार तो उठून निघाला, असं तर आजवर वस्तीत घडलंच नव्हतं.

नऊला धम्मदीपनं वडिलांकडे पाहून मनगटावर बोट ठेवलं. रुपराव माइकजवळ उभे होते. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा वायर दुसऱ्या कुणीतरी ओढली होती. त्यांनी तळवा खाली दाबून खूण केली: बस, बस.

विश्वनाथभाऊ नऊ वीसला आले. त्यांनी उशिराबद्दल क्षमा मागितली आणि पंचवीस मिनिटं भाषण केलं. भाषण वाईट नव्हतं. मग शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा, स्मृतिचिन्ह, पुन्हा एकदा फोटोसाठी शाल. दहाला दहा कमी असताना धम्मदीप सुशीलच्या गाडीत बसला. सुशील त्याचा मामेभाऊ, भाड्यानं गाडी चालवायचा. त्याची आई माया दारातून आत वाकून रडत होती आणि सांबारवडीचा, कोथिंबिरीच्या सारणाच्या तळलेल्या वड्यांचा, डबा त्याच्या मांडीवर ठेवत होती. रुपराव पुढच्या सीटवर बसले.

विमानतळावर ते सव्वादहाला पोचले. काउंटर पस्तीस मिनिटांपूर्वी बंद झालं होतं. रुपरावांना बाहेरच थांबावं लागलं, पण काचेतून त्यांना सगळं दिसत होतं. काउंटरवरची मुलगी मान हलवत होती आणि मुलगा तिच्यासमोर तिकीट धरून उभा होता. दसऱ्याचा आठवडा होता, दुपारच्या विमानांत एकही जागा नव्हती.

“विमान त उभंच होतं ना गा?” तो बाहेर आल्यावर रुपरावांनी विचारलं.

सुशीलनंच विषय हातात घेतला. “समृद्धीनं जाऊ. मुंबईचं विमान रातच्या आठ पन्नासचं हाय ना? सात वाजता टेकवतो तुले.”

समृद्धी महामार्ग सरळ आहे, गुळगुळीत आहे आणि त्यावर बघण्यासारखं काही नाही. धम्मदीप मागच्या सीटवर बसला होता. मागे दोन मोठ्या बॅगा, शेजारी कोमेजत चाललेला पुष्पगुच्छ, आणि पुढे रुपराव मांडीवर स्मृतिचिन्ह धरून बसलेले. ते डिकीत ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. वर्ध्याच्या पुढे त्यांनी एकदा विचारलं, “भूक लागली का?” शिर्डीच्या फाट्याजवळ पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा धम्मदीप नाही म्हणाला. तो मनातल्या मनात अंतर आणि वेळ यांचा भागाकार करत होता आणि उत्तर प्रत्येक वेळी सात-सव्वासात येत होतं. भिवंडीजवळ एक कंटेनर आडवा झाला होता. तिथं त्यांचा एक तास गेला आणि भागाकार संपला.

मुंबईच्या विमानतळावर ते आठ वाजून पाच मिनिटांनी पोचले. काउंटर सात पन्नासला बंद झालं होतं. एकाच दिवसात दोन शहरांत दोन विमानं चुकवणारा वस्तीतला तो पहिलाच माणूस असावा, असं धम्मदीपच्या मनात आलं. तिकीट बदलून मिळालं, पण गुरुवारी संध्याकाळचं. ते विमान दोन ठिकाणी थांबून शुक्रवारी पावणेआठला व्हिएन्नात उतरत होतं. पुढे रेल्वे, मध्ये एकदा गाडी बदलायची, आणि सव्वाअकराला मुक्कामाचं स्टेशन. जमत होतं, पण जेमतेम. त्यानं वसतिगृहाला ईमेल करून उशिराची शक्यता कळवली. सकाळी उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, खोली आधी सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी बारापर्यंत राखून ठेवू.

सुशील गाडी घेऊन परत गेला. रुपराव गेले नाहीत. विमान सुटेपर्यंत थांबतो म्हणाले आणि थांबले. बाप-लेक जवळजवळ अख्खा दिवस विमानतळाबाहेरच्या बाकावर बसून होते. रुपराव चहा आणत, पाण्याची बाटली भरून आणत, बॅगांवर लक्ष ठेवत. सत्काराचा पांढरा शर्ट आता पांढरा राहिला नव्हता. दुपारी त्यांनी सांबारवडीचा डबा उघडला, मुलापुढे सरकवला आणि समोरच्या टॅक्स्यांकडे पाहत म्हणाले, “मले वाटलं, भाऊ येतीन टायमावर.”

माफी म्हणायची तर एवढीच. धम्मदीपला ती कळली. तरी तो काही बोलला नाही. बोललो तर जास्त बोललं जाईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला वडिलांना तसंच ठेवायचं होतं, उत्तराशिवाय. दारात निरोप घेतानाही त्यानं वाकून पायाला हात लावला, ‘येतो’ म्हणाला आणि मागे न पाहता आत गेला. रुपराव रात्रीच्या गाडीनं, जनरल डब्यातून नागपूरला निघाले.

विमानात त्याच्या मनात एक वाक्य तयार झालं: बाबा, तुमच्या सत्कारानं माझी खोली गेली. खोली अजून गेलेली नव्हती, पण वाक्य तयार होतं. पहिल्या थांब्यावर पाच तास लोखंडी खुर्चीत बसून त्यानं त्यात सुधारणा केली. ‘तुमच्या’ऐवजी ‘तुमच्या त्या’ केलं. दुसऱ्या विमानात त्याच्या शेजारच्या माणसानं झोपेत त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि त्याला हलता येईना. झोप येत नव्हती. मधेच त्याला असंही वाटून गेलं, की त्या मखमली खुर्चीला आपल्याला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. नऊ वाजता उठलो असतो तर लोक चार दिवस बोलले असते, एवढंच. पण हा विचार त्याला आवडला नाही आणि तो पुन्हा वाक्याकडे वळला.

व्हिएन्नाच्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत पाऊण तास गेला. अधिकाऱ्यानं कागद पाहिले, ‘धातुशास्त्र?’ असं विचारलं, शिक्का मारला. स्टेशनवर त्याला गाडी मिळाली. खिडकीबाहेर हिरवे डोंगर, लाल छपरं, गाई, सगळं चित्रातल्यासारखं नीट होतं आणि तो ते डोळ्यांत झोप घेऊन पाहत होता. गाडी बदलायच्या स्टेशनवर मध्ये नऊ मिनिटं होती. फलाट दुसऱ्या बाजूला, मध्ये जिना, आणि त्याच्याकडे तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. आधी एक वर नेली, मग खाली येऊन दुसरी. तो फलाटावर पोचला तेव्हा गाडीचा शेवटचा डबा वळणावर होता.

पुढची गाडी तासानं होती. तो बॅगेवर बसून राहिला. घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. आईचे फोन येत होते, ते त्यानं घेतले नाहीत.

मुक्कामाच्या स्टेशनवर तो बारा वाजून सोळा मिनिटांनी उतरला. वसतिगृह चढावर होतं. बॅगांची चाकं दगडी रस्त्यावर खडखडत होती आणि त्या शांत गावात तो आवाज त्याला स्वतःलाच नकोसा झाला. कार्यालयाच्या काचेच्या दाराला आतून कुलूप होतं. आत पन्नाशीची एक बाई फायली आवरत होती. तिनं त्याच्याकडे, मग बॅगांकडे पाहिलं आणि दार उघडलं. तिचं बोलणं हळू होतं, आवाजात राग नव्हता. तिनं यादी दाखवली. दोनशे चौदा बारा वाजून पाच मिनिटांनी दिली गेली होती. दुसरी खोली आता जानेवारीत. नदीपलीकडे एक स्वस्त निवासगृह आहे, तिथं सोमवारपर्यंत खाट मिळू शकेल, असं म्हणून तिनं एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. सोमवारी या, काही मार्ग निघतो का पाहू. मग तिनं कोट घातला, त्याला थोडा वेळ आत बसायची परवानगी दिली आणि ती निघून गेली.

तो बॅगा घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेला. का गेला, हे त्याला सांगता आलं नसतं. खोली बघायची होती, बस. दोनशे चौदाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत एक दाढीवाला मुलगा भिंतीला घरच्या माणसांचा फोटो चिकटवत होता. त्यानं हसून आपलं नाव सांगितलं, लुका. जॉर्जियाचा. धम्मदीपनंही नाव सांगितलं आणि तो समोरच्या कॉरिडॉरमध्ये बॅगेवर येऊन बसला. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. या वेळी त्यानं घेतला. वाक्य तयार होतंच.

पडद्यावर आधी आईचं कपाळ दिसलं, मग हळूहळू पंधरा-वीस माणसं. नागपुरात दुपारचे साडेचार वाजले होते आणि अर्धी वस्ती त्यांच्या बैठकीत होती.

“पोचला वं माया, पोचला पोरगा!” कौसल्याकाकू ओरडल्या. त्या शेजारच्या.

“काहून फोन उचलून नाही राहिला होता रे?” आई म्हणाली. “जीव टांगून होता इथं. जेवला का?”

सगळे एकदम बोलत होते. सगळ्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून रुपराव उभे होते. ते नुकतेच गाडीवरून उतरून आले असावेत, पिशवी अजून खांद्याला होती. अंगात तोच शर्ट.

“बाराच्या आत पोचला ना?” त्यांनी तिथूनच विचारलं.

बैठक गप्प झाली. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सत्कारानं विमान चुकलं आणि बारा हा आकडा महत्त्वाचा आहे, हे अख्ख्या वस्तीला दोन दिवसांत कळलं होतं. सगळ्यांनी माना वळवून आधी रुपरावांकडे आणि मग फोनकडे पाहिलं.

धम्मदीपनं तोंड उघडलं. “हो,” तो म्हणाला. “पावणेबारालेच पोचलो.”

“पाहा! मी म्हणलं नव्हतं?” कुणीतरी टाळी वाजवली. रुपराव मात्र हलले नाहीत.

“मंग रूम दाखव ना रे,” आई म्हणाली. “आम्हाले पाहू दे.”

धम्मदीप उठला. फोन छातीशी धरून त्यानं लुकाच्या दारात उभं राहून इंग्रजीत विचारलं, माझ्या आईला दोन मिनिटं ही खोली दाखवू का? लुकानं त्याच्याकडे पाहिलं, बाहेरच्या बॅगांकडे पाहिलं. मग पलंगावर पडलेलं जाकीट उचललं आणि भिंतीला लागून, फोनला दिसणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

“हा पलंग. हे टेबल. ही खिडकी, हे पाहा, बाहेर डोंगर,” धम्मदीप सांगत गेला. हुडकेश्वरात पलंगाची वाखाणणी झाली. टेबलाला खण आहेत का, हे कौसल्याकाकूंनी विचारलं. आई डोळे पुसत होती. तो फोन भिंतीवरच्या लुकाच्या फोटोवरून भरभर फिरवून पुन्हा खिडकीकडे नेणार, एवढ्यात तिकडचं चित्र हललं. रुपरावांनी पुढे येऊन मायाच्या हातातून फोन घेतला होता. ते फोन डोळ्यांजवळ धरून बघत होते. त्यांचा फक्त एक डोळा आणि पांढरी भुवई दिसत होती.

“चांगली हाय रूम,” ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “उजेड मस्त येते. मायाबाई, चहा ठेव वं सगळ्याइले. पोरगं थकलं हाय, मी बोलून घेतो जरा.”

चित्र पुन्हा हललं. बैठक गेली, ओटा गेला, अंगणातली पाण्याची टाकी दिसली. मागे दार ओढल्याचा आवाज झाला. रुपरावांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला, त्यामुळे पडद्यावर नुसता अंधार आला. धम्मदीप लुकाला हातानंच आभार सांगून कॉरिडॉरमध्ये आला आणि फोन कानाला लावून बॅगेवर बसला.

“रूम पाहिली,” रुपराव हळू आवाजात म्हणाले. “आता सांग, तू झोपशील कुठं?”

विमानातून सांभाळून आणलेलं वाक्य कुठं गेलं ते धम्मदीपला कळलं नाही. त्याला रडू आलं. फोन तसाच कानाशी धरून तो रडत राहिला, आणि त्याचं रडणं संपेपर्यंत रुपरावांनी दुसरं काही विचारलं नाही.